धरणी धरते ते कुणासाठी?

विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून नववीचा तास मी घेतला. मुख्याध्यापकाला वर्षातून दहा-बारा वेळा असे भाग्य लाभते. एरवी आमचा जन्म पत्रव्यवहारात आणि हजेरीपटात जातो. धडा मातीचा होता. आमच्या शाळेत दोन मातींची मुले येतात. खानापूरच्या बाजूची तांबड्या मातीतली आणि बैलहोंगल-सौंदत्तीच्या बाजूची काळ्या मातीतली. घरी कानडी बोलणारी मुले तांबडीला ‘मसारी’ आणि काळीला ‘यरी’ म्हणतात. वर्गात दोन्ही शब्द चालतात, कारण पायाला लागणारी माती एकच असते.

काळ्या रानातल्या एका मुलाने विचारले, “सर, आमची माती काळी आहे. म्हणजे तिच्यात कर्ब जास्त असणार ना?”

मी ‘हो’ म्हणण्याच्या बेतात होतो. काळे म्हणजे कसदार, हे आपण इतक्या वेळा म्हणतो की ते तपासावेसे वाटत नाही. पण त्या मुलाने दुसऱ्या दिवशी वडिलांची मृदा आरोग्य पत्रिका आणून दाखवली. सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा आकडा होता आणि पुढे ‘कमी’ असा शेरा होता. एवढी काळीभोर माती आणि प्रगतिपुस्तकात हा शेरा! मुलगा हिरमुसला होता. त्याचे समाधान करण्यासाठी मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता मीच एका जुन्या, घरगुती प्रश्नापाशी येऊन थांबलो. तो प्रश्न शेवटी सांगतो. आधी मातीचे काय ते सांगितले पाहिजे.

आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो. तिचा काळेपणा कर्बाच्या विपुलतेमुळे नाही. जो थोडा कर्ब आहे तो तिथल्या चिकणमातीला इतका घट्ट बिलगलेला असतो की थोड्याशाने सगळे अंग काळे दिसते. म्हणजे रंग सांगतो तो साठा किती हे नव्हे, पकड कशी हे.

ही पकड कशाची? झाडे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आपले अंग घडवतात. पाने गळतात, मुळे कुजतात, मुळांतून गोड रस पाझरतो. त्यावर कोट्यवधी सूक्ष्मजीव जगतात आणि मरतात. या उलाढालीत बराचसा कर्ब श्वासावाटे पुन्हा हवेत जातो. थोडा मात्र मागे राहतो, आणि या मागे राहिलेल्यात झाडांच्या अवशेषांइतकाच मृत सूक्ष्मजीवांच्या अवशेषांचाही वाटा असतो. तो राहतो कारण मातीतली खनिजे त्याला धरून ठेवतात.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात. हे सगळे पापुद्रे उलगडून अंथरले तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग सातशे चौरस मीटरांच्या घरात जातो. आपल्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर मातीत सात गुंठे रान. तांबड्या मातीतल्या केओलिनाइटचे तेवढेच वजन घेतले तर दहा-वीस चौरस मीटरच भरतात. पण तिच्याकडे दुसरे बळ आहे. ज्या लोहामुळे ती तांबडी दिसते, त्या लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे सेंद्रिय रेणूंना थेट पकडतात. काळ्या मातीत ही सोय कमी. तिथे चिकणकणांवर ऋण विद्युत्भार असतो आणि बहुतेक सेंद्रिय रेणूही ऋणभारितच. दोघे एकमेकांना दूर सारणार. मग मध्ये येते कॅल्शियम, ज्याच्या चुनखडी काळ्या रानात जागोजाग सापडतात. कॅल्शियमच्या अणूवर दोन धन भार असतात. तो एक हात चिकणमातीला देतो, दुसरा कर्बाला. दोन भाषांच्या गावात बाजार चालतो तो अशाच दुभाष्यांमुळे, हे सीमाभागातल्या वाचकांना मी काय सांगावे? याखेरीज मातीचे कण एकत्र येऊन ढेकळ्या बनतात. त्यांच्या पोटात अडकलेल्या कर्बापर्यंत जीवाणू आणि प्राणवायू सहजी पोहोचत नाहीत.

अशा रीतीने जगातल्या जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे दीड हजार अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. वातावरणातला कर्ब आणि पृथ्वीवरच्या सगळ्या वनस्पतींमधला कर्ब यांची बेरीज केली तरी ती याहून कमी भरते. खनिजांना चिकटलेल्या कर्बाचा काही भाग शेकडो, क्वचित हजारो वर्षांचा असतो. म्हणजे आपल्या रानात आज ज्याचा अंश आहे ते गवत शिवकाळातही उगवलेले असू शकेल.

आम्ही कॉलेजात शिकलो तेव्हा असे सांगत की मातीत जे टिकते ते मुळातच कुजायला कठीण असते. लाकडातले लिग्निन टिकते, साखर लगेच संपते. ही समजूत आता मागे पडली आहे. २०११ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून एक लेख लिहिला. त्याचे सार असे की टिकणे हा त्या पदार्थाचा एकट्याचा गुण नाही. तो त्याच्या भोवतालचाही गुण आहे. साखरेसारखी साधी वस्तू योग्य जागी धरली गेली तर दशकानुदशके राहते, आणि कठीण लिग्निन उघड्यावर पडले तर थोड्या वर्षांत संपते. तीस वर्षे मुलांना ‘हा टिकणारा, हा गळणारा’ असे शेरे देत आलेल्या माणसाने हे वाचून जरा वेळ चष्मा काढून ठेवला, एवढेच सांगतो.

‘धरणी’ हा शब्द ‘धृ’ या धातूपासून आला. धृ म्हणजे धरणे. ‘धर्म’ हा शब्दही त्याच धातूचा. मराठीत आणि कानडीतही दोन्ही शब्द चालतात. पण धरण्याचे दोन अर्थ असतात. कृपण माणूस पैसा धरतो आणि आई मुलाचे बोट धरते. माती यांतले कोणते करते?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. २००६ साली कॅनडाचे मृदाशास्त्रज्ञ हेन्री जान्झेन यांनी तो एका लेखात मांडला: मातीतला कर्ब साठवून ठेवायचा की वापरायचा? अडचण खरी आहे. हवामानाच्या दृष्टीने पाहिले तर कर्ब जमिनीतच राहावा हे बरे, कारण तो सुटला की हवेत जाऊन उष्णता वाढवतो. पण पिकाच्या दृष्टीने कर्बाचे मोल तो झिजण्यातच आहे. सेंद्रिय द्रव्य कुजते तेव्हाच त्यातला नत्र पिकाला मिळतो, तेव्हाच जीवाणू जगतात आणि माती भुसभुशीत राहते. कधीच न कुजणारे सेंद्रिय द्रव्य पिकाच्या लेखी पुरलेल्या हंड्यासारखे.

माती स्वतः यावर काय करते ते पाहण्यासारखे आहे. ती धरते, पण कुलूप लावत नाही. मुळांना गरज लागली की त्यांच्यातून ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्ये पाझरतात आणि खनिजांच्या मिठीतला थोडा कर्ब सुटतो. सुटलेला कर्ब सूक्ष्मजीव खातात, ते मरतात, त्यांचे अवशेष पुन्हा खनिजाला चिकटतात. आत येणे आणि बाहेर जाणे अखंड चालू असते. शिल्लक राहते ती या देवघेवीतून. आपल्या हिशेबी भाषेत, व्याज खर्च होत असते आणि मुद्दल टिकते. मात्र कुणीतरी भर घालत राहिले पाहिजे.

भर घालण्याचे फळ किती काळ टिकते याचा एक दाखला इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडचा आहे. तिथे हूसफील्ड नावाच्या शेतात १८५२ साली बार्लीचा एक प्रयोग सुरू झाला, तो आजही चालू आहे. एका तुकड्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत घालतात. दुसऱ्या तुकड्याला कधीच घातले नाही. तिसऱ्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे घातले आणि मग कायमचे थांबवले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे उलटल्यावर तपासले, तेव्हाही त्या तिसऱ्या तुकड्यात कधीच खत न घातलेल्या तुकड्यापेक्षा कर्ब जास्त होता. ज्यांनी ते खत ओढले ती माणसे, ज्यांच्या गोठ्यातले होते ती जनावरे, सारी केव्हाच गेली. मातीने मात्र हिशेब पुसलेला नाही.

इतक्या दूर जायला नको. होळकरांच्या इंदूरला १९२४ साली एक कृषिसंशोधन संस्था निघाली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, मूत्र, राख आणि माती यांचे थर रचून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. दोघांचे त्यावरचे पुस्तक १९३१ साली निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. इंदूरच्या मराठी वाचकांना हे नाव अभिमानाचे वाटेल, ते योग्यच. पण आमच्याकडचे शेतकरी उकिरड्याचे मोल पूर्वीही जाणत होते. माझे आजोबा सुगी झाली की धनगरांची मेंढरे रानात बसवून घेत. रात्रीमागून रात्री कळप रानाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरके. धनगर कानडी बोलत, आजोबा मराठी. ठरायचे ते धान्यावर. लेंड्यांतला कर्ब लोहाच्या ऑक्साइडाला चिकटतो हे दोघांनाही ठाऊक नव्हते. तरी कृती चुकत नव्हती.

आता तो घरगुती प्रश्न.

२००९ सालची गोष्ट. आमचे खानापूरच्या बाजूला भाताचे रान आहे, उताऱ्यावर माझे आणि धाकट्या भावाचे नाव. मी नोकरीला, कसणारा तो. एका वीटभट्टीवाल्याने रस्त्याकडेच्या तीस गुंठ्यांची वरची तीन फूट माती मागितली. भावाच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचे पैसे उभे राहत नव्हते. भाऊ म्हणाला, “अण्णा, जमीन कुठं विकतोय? नुसती माती देतोय. जमीन राहतेच की आपली.” मला ते पटले. मी सही केली.

पोरगी शिकली. आज ती नोकरीला आहे आणि घर तिच्या आधारावर सावरले आहे. ते तीस गुंठे मात्र शेजारच्या तुकड्यापेक्षा तीन फूट खाली आहेत. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबते, रोप पिवळे पडते, भात विरळ येतो. शेजारचा तुकडा, जिथे आजोबा मेंढरे बसवीत, तो अजून तरारून येतो. बांधावर उभे राहिले की दोन्ही एका नजरेत दिसतात.

आम्ही चुकलो का? मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो की नाही. मुलीचे शिक्षण हे मातीपेक्षा लहान नव्हते. विटा कुणाला नको आहेत? मी राहतो त्या घराच्या भिंती कुणाच्या तरी रानाच्याच आहेत. शाळेची नवी खोली बांधताना विटांच्या गाड्या मोजून घेणारा मीच होतो. ‘जांभा’ दगडाला इंग्रजीत लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली दिले, तेही वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. तांबडी माती आणि घर यांचे नाते असे जुने आहे.

पण त्या मुलाच्या प्रश्नामुळे वाचले तेव्हा दोन प्रकारच्या तोट्यांतला फरक माझ्या ध्यानात आला. उसाचे पाचट आपण पेटवून देतो, तेव्हा रानात जाऊ शकणारा कर्ब धुरावाटे जातो. वर्षानुवर्षे नांगरून, नुसत्या रासायनिक खतावर पीक घेतले तर मातीतला कर्ब झिजतो. हे तोटे मोठे आहेत. शेती सुरू झाल्यापासून जगातल्या जमिनींनी शंभर अब्ज टनांहून अधिक कर्ब गमावला असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पण इथे धरलेली वस्तू गेली. धरणारे हात जागेवर आहेत. खनिजे तिथेच आहेत, त्यांच्या पृष्ठभागावर जागा मोकळी आहे. पाचट कुजवले, मेंढरे बसवली, ताग किंवा धैंचा गाडला, तर हळूहळू पुन्हा भरेल. पुढची पिढी आपली चूक दुरुस्त करू शकेल.

भट्टीत गेलेल्या मातीचे तसे नाही. नऊशे-हजार अंशांच्या आचेत कर्ब तर जळतोच, पण चिकणमातीच्या कणांची घडणही मोडते. पापुद्रे उरत नाहीत, पाणी पिण्याचा आणि कर्ब धरण्याचा गुण उरत नाही. वीट पुन्हा चुरली तरी ती रान होत नाही. आणि निसर्गाला एक सेंटिमीटर माती घडवायला शेकडो वर्षे लागतात. तीन फुटांचा हिशेब ज्याने त्याने करावा. धरलेले गेले तर पुन्हा मिळवता येते. धरणाराच गेला तर मिळवायचे कशात? ‘नुसती माती देतोय’ हे भावाचे वाक्य मला पटले होते, कारण जमीन म्हणजे उताऱ्यावरचे क्षेत्रफळ असे मी मानत होतो. क्षेत्रफळ अजूनही तीस गुंठेच आहे.

त्या व्यवहाराला आम्ही तिघे बसलो होतो: भट्टीवाला, भाऊ आणि मी. प्रत्येकाची बाजू खरी होती. पण दोघे जण हजर नव्हते. ज्यांनी त्या मातीत भर घातली ते आजोबा, आणि ज्यांना ती लागणार होती ती न जन्मलेली मुले. आपल्या परंपरेत पितृऋण सांगितले आहे, आणि ते पूर्वजांकडे परत देऊन फिटत नाही, पुढच्यांना देऊन फिटते. हे मी वर्गात शिकवतो. सही करताना आठवले नाही.

आता दुसरी बाजू. अलीकडे शेतकऱ्याने कर्ब जमिनीत साठवावा आणि त्याचे ‘क्रेडिट’ कारखान्यांना विकावे अशी भाषा ऐकू येते. २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेत फ्रान्सने ‘हजारी चार’ असा संकल्प मांडला. जगातल्या मातीतला कर्ब दरवर्षी हजारात चार भागांनी वाढवावा असा त्याचा आशय. संकल्प चांगला आहे. शेतकऱ्याच्या पदरात त्यासाठी चार पैसे पडले तर ते हक्काचेच. पण खनिजांचा पृष्ठभाग कितीही मोठा असला तरी अमर्याद नाही. तो भरत आला की पुढची भर धरली जात नाही. शिवाय कर्ब राहतो तो आपण भर घालत राहू तोवरच. तेव्हा मातीची ओंजळ ही साऱ्या जगाच्या धुराची भरपाई होऊ शकत नाही. एकाने धूर सोडावा आणि त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्या रानाने घ्यावे, हा व्यवहार कागदावर जुळला तरी मनाला जुळत नाही. मोटारीत बसणाऱ्याने पाचट जाळणाऱ्याला धर्म शिकवण्याआधी आपल्या धुराकडे पाहावे. भावाला फी भरण्यासाठी माती विकावी लागली नसती तर मीही सही केली नसती. मातीने धरून ठेवावे असे वाटत असेल, तर मातीत राबणाऱ्यालाही कुणीतरी धरून ठेवले पाहिजे.

सीमाभागातल्या आपल्या घरांत हा विचार नवा नाही. आपल्या मुलांच्या तोंडचा एखादा शब्द गेला तर तो पुन्हा येऊ शकतो, जोवर घर, शाळा, वाचनालय जागेवर आहे. ते गेले की शब्द धरणार कोण? मी मुख्याध्यापक आहे, म्हणून मला तसे वाटत असेल. असो.

त्या मुलाला मी उत्तर दिले ते इतकेच: तुझ्या मातीत आज कर्ब कमी आहे, पण जागा पुष्कळ आहे. शेरा ‘कमी’ असला तरी तो नापासाचा नाही. त्याने विचारले, “मग काय करायचं सर?” मी म्हटले, “बाबांना विचार, मेंढरं बसवतात का.” तो हसून म्हणाला, “आमचे आजोबा बसवायचे.”

गेल्या सुगीनंतर भावाला मी तेच विचारले. त्या खालच्या तुकड्यात पाणी निघायला चर काढला आहे, आणि तळ्यातला गाळ चार-पाच ट्रॅक्टर टाकला आहे. तीस गुंठ्यांना तो काहीच नव्हे. धनगर आता पूर्वीसारखे येत नाहीत, पण एक कळप मिळाला. त्याने पाच रात्री त्या खालच्या रानात मुक्काम केला. मालक कानडीत बोलत होता, भाऊ मराठीत. धान्याऐवजी पैसे ठरले, एवढाच फरक. मी बांधावर उभा होतो. हिशेब केला तर या रानाला पूर्वीसारखे व्हायला किती पिढ्या लागतील ते मला मोजता येईना. भाऊ म्हणाला, “अण्णा, याचं फळ आपल्याला दिसायचं नाही.”

मी म्हटले, “आजोबांनाही दिसलं नव्हतं.”